सत्तर हजेऱ्या

श्रुतिकाचा दुसरा महिना सरत आला तेव्हा सिद्धेशने विमा शोधायला घेतला. तो लादी बसवायचा. जमिनीला आधी पाणसळ लावून सपाटी बघायची आणि मगच सिमेंट कालवायचं, ही कामातली सवय त्याने संसारालाही लावली होती, आणि तिथे ती फारशी चालत नव्हती.

घाटकोपरच्या डोंगरावर, भटवाडीच्या पार वरच्या अंगाला त्यांचं घर. खालच्या रस्त्यापासून एकशे बारा पायऱ्या. घरात चार माणसं: सिद्धेश, श्रुतिका, त्याची आई प्रेमा आणि वडील दशरथ. दशरथ गिरणी कामगार. गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती, पण ते अजून स्वतःची ओळख तशीच करून देत. गिरणीकडून त्यांना तसं कळवायचं राहून गेलं असावं, इतकंच.

पहिल्यांदा अनिरुद्ध नावाचा एजंट आला. एकशे बारा पायऱ्या चढून आल्यामुळे तो पाच मिनिटं नुसताच बसला. मग पाणी पिऊन त्याने फाईल उघडली.

"मॅटर्निटी कव्हर आहे. एकदम झकास प्लॅन. फक्त दोन वर्षांचा वेटिंग पिरियड."

"म्हणजे काय?" सिद्धेशने विचारलं.

"म्हणजे आज पॉलिसी घेतली, तर दोन वर्षांनंतरच्या बाळंतपणाचा खर्च कंपनी देते."

सिद्धेशने श्रुतिकाकडे पाहिलं. "थांबेल का?"

"विचारते," श्रुतिका म्हणाली आणि एजंटच्या चहाला आलं किसायला लागली.

मग सरकारी योजनेचं कार्ड. त्याच्या रांगेत सिद्धेशचा एका दिवसाचा खाडा झाला. ते कार्ड मोठ्या दुखण्याला, ऑपरेशनला, काचेच्या पेटीत ठेवायच्या बाळाला उपयोगी पडणार होतं. साध्या, बिनतक्रार बाळंतपणाला नाही. "म्हणजे बिघडलं तर सरकार, आणि नीट झालं तर आपण," असा सिद्धेशने हिशेब लावला आणि कार्ड काढून ठेवलं. अंगणवाडीच्या बाईंनी पहिल्या बाळासाठीच्या पाच हजारांचा फॉर्म भरून दिला, तोही ठेवला. ट्रंकेत कागदांची एक जाड पिशवी झाली.

पण श्रुतिकाला दवाखान्याच्या खर्चाची भीती नव्हतीच. महापालिकेच्या इस्पितळात तिचं नाव घातलेलं होतं. तिला भीती होती ती सोळाव्या दिवसाची. तिची मोठी बहीण गंधाली मुलुंडला एका टॉवरमध्ये साफसफाईच्या कामाला होती. बाळंतपणाला पोट फाडावं लागलं, आणि सोळाव्या दिवशी ती फरशी पुसायला हजर झाली, कारण घरी बसलेल्या बाईला पगार नव्हता. विसाव्या दिवशी टाक्यांत पू झाला. पोर आईशिवाय महिनाभर शेजारणीकडे वरच्या दुधावर राहिलं. श्रुतिका तेव्हा बहिणीच्या उशाशी बसून होती. तो पुवाचा वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता.

"मला सहा महिने पाहिजेत," ती म्हणाली. "घरी बसून. आणि घरात पगार येऊन."

सिद्धेशला हे ऐकून हसू येणार होतं, कारण त्याच्या धंद्यात ताप आला तरी पगार कापायचे. पण कोपऱ्यात विडी विझवत बसलेले दशरथ एकदम बोलले.

"माका गिरणीत विम्याचा कार्ड होता. पाय मोडलो तेव्हा पगार घरी इलो. अरे, विमो शोधूचो नाय. विमो असलेला काम शोधूचा."

पंचवीस वर्षांत त्यांचं म्हणणं घरात पहिल्यांदाच मान्य झालं.

*

चंद्रप्रकाश शेठचा छत्र्यांचा गाळा डोंगराच्या पायथ्याशी होता. जानेवारी ते मे हा छत्रीचा हंगाम. बाहेर उन्हाने डांबर वितळतं तेव्हा आत पावसाची तयारी चालते. पंचवीस बायका, तीन शिलाई मशिनी, लोखंडी काड्यांचे गठ्ठे आणि काळ्या कापडाचे ढीग. शेठ कायद्याला घाबरणारा माणूस होता. सगळ्या बायकांचा कामगार विमा भरायचा. श्रुतिका काम मागायला गेली तेव्हा त्याने तिच्या पोटाकडे बघितलंच नाही. बोटांकडे बघितलं आणि उद्यापासून ये म्हणाला.

ऑफिसात प्रांजल नावाची मुलगी होती. वय बावीस, पण विम्याचे नियम तिला तोंडपाठ. तिने श्रुतिकाचं आधार घेतलं, यंत्रावर अंगठा घेतला आणि समजावून सांगितलं.

"हे बघा ताई. दवाखाना, औषधं, बाळंतपण आजपासून लागू. पण बाळंतपणाचे सव्वीस आठवडे घरी बसून पगार पाहिजे असेल, तर सत्तर दिवस भरले पाहिजेत. तुमची तारीख जुलैची ना? मग एकतीस मार्चच्या आत सत्तर. एकोणसत्तर चालत नाहीत."

"एकोणसत्तर झाले तर?"

"तर तुम्ही एकोणसत्तर दिवस छत्र्या शिवल्या असं होईल," प्रांजल म्हणाली.

घरी येऊन श्रुतिकाने हे सांगितल्यावर दशरथांनी लगेच खडू मागवला. आतल्या पत्र्यावर पहिली उभी रेघ ओढली. आराम करायचा हक्क मिळवायला बाईला सत्तर दिवस राबायचं होतं, आणि त्यात घरातल्या कुणालाही काही विचित्र वाटलं नाही.

छत्रीला आठ काड्या. मशीनवर आठ पाकळ्या जोडून झालेलं कापड काड्यांवर ताणायचं आणि सुई-दोऱ्याने प्रत्येक काडीला तीन ठिकाणी बांधायचं. म्हणजे एका छत्रीला चोवीस गाठी. गाठ निरगाठच हवी, नाहीतर छत्री उघडताना ताणाने सुटते. श्रुतिका पहिल्या दिवशी एकोणीस छत्र्या करून आली आणि तिला भाकरीचा तुकडा मोडता येईना. बोटांची पेरं सुजली होती. सिद्धेशने तिच्या बोटांना कोमट तेल लावलं. त्याचे स्वतःचे हात सिमेंटने खरवडून काढलेले. तेल लावताना तिलाच टोचायला लागले.

"राहू दे रे," ती म्हणाली. "सँडपेपर नको."

महिनाभरात ती साठ छत्र्यांवर गेली. सकाळी पाचला उठायची, भाकऱ्या थापायची, ओकायची, तोंड धुऊन उरलेल्या भाकऱ्या थापायची. सिद्धेश तेवढ्यात खालच्या नळावरून चार हंडे वर आणायचा. मग दोघं एकत्र उतरायची. पायऱ्यांना कठडा नव्हता. तो एक पायरी पुढे चालायचा आणि ती त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवायची. धरायची नाही, नुसती ठेवायची. खाली पोचल्यावर ती डावीकडे, तो उजवीकडे. दिवसभर एखाद्याच्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून इटालियन लाद्या बसवताना त्याला खांद्यावरची ती दोन बोटं जाणवत राहायची. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

फेब्रुवारीत तिला ताप भरला. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि चार दिवस अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं.

"चार दिवस?" श्रुतिका उठून बसली. "चार कमी झाले तर वाट लागेल माझी."

दशरथ रेघांकडे बघत होते. "त्यात काय हा? बदली पाठवची. गिरणीत माझो भाव आजारी पडलो, मी तेच्या मशीनवर उभो रवलंय. हजेरी तेचीच लागली."

"आणि बदली कोण?" सिद्धेशने विचारलं.

दशरथांनी प्रेमाकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. वय अठ्ठावन्न, बापाचं घर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर; बापाची फाटकी जाळी विणण्यात तिचं लहानपण गेलेलं.

"माका येतला छत्री शिवूक?" ती म्हणाली.

"गोधड्यो शिवतंस मा? मग?"

दुसऱ्या दिवशी प्रेमा गाळ्यावर जाऊन उभी राहिली. "सुनेच्या बदली इलंय," एवढंच बोलली. हंगाम जोरात होता. शेठने एक छत्री तिच्या हातात दिली. अर्ध्या तासात तिने चार बांधल्या आणि पाचवीला कापड मागितलं. प्रांजलने तिचं आधार घेतलं, अंगठा घेतला, दोन ठिकाणी सही घेतली. चार दिवस प्रेमा रोज नव्वद छत्र्या बांधत होती. गाळ्यातल्या बायका हातातलं काम टाकून बघत.

"छत्री म्हणजे काय," ती घरी येऊन म्हणाली, "जाळ्याक कापड लावलेला."

पत्र्यावर चार रेघा चढल्या. पाचव्या दिवशी श्रुतिका परत कामावर गेली.

*

मार्चच्या सव्वीस तारखेला, गुरुवारी, सत्तरावी रेघ पडली. दशरथांनी ती जरा मोठी ओढली. संध्याकाळी सिद्धेश काम लवकर आटपून, पेढे घेऊन थेट गाळ्यावर गेला. श्रुतिका सहावा महिना पोटात घेऊन स्टुलावरून उठत होती. आधी हात टेबलावर, मग एक पाय, मग दुसरा, मग एक श्वास, मग उभी.

"प्रांजल, आमचे सत्तर झाले. एकदा कागद दाखव ना," तिने ऑफिसच्या दारातून म्हटलं.

प्रांजलने कॉम्प्युटरवर नाव घातलं. पेढा तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"ताई, तुमचे सहासष्ट आहेत."

"सत्तर," सिद्धेश म्हणाला. "आमच्याकडे लिहिलेलं आहे."

"कुठे?"

"पत्र्यावर."

प्रांजलने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. फेब्रुवारीतले चार दिवस श्रुतिकाच्या नावापुढे कोरे होते. मग तिने दुसरं नाव घातलं आणि ते चार दिवस सापडले. प्रेमा दशरथ यांच्या नावावर. वेगळा विमा नंबर, वेगळी हजेरी, सगळं चोख.

"अहो, बदली असं काही नसतं," प्रांजल हळू आवाजात म्हणाली. "काकींचा अंगठा, काकींचा दिवस. मला वाटलं तुम्हाला माहितीय. सही घेतली ना मी."

"म्हणजे आईला पण विमा लागू झाला?" सिद्धेशने विचारलं.

"हो. म्हणजे तसं बघायला गेलं तर..." प्रांजलला स्वतःलाच थांबवता आलं नाही, "काकींना मातृत्व लाभासाठी आणखी सहासष्ट दिवस पाहिजेत."

श्रुतिका हसली नाही. ती परत स्टुलावर बसली. पायातल्या चपलांचे पट्टे सुजलेल्या पावलांत रुतले होते; ती वाकून ते सैल करायला लागली आणि पोटामुळे हात पोचेना. सिद्धेशने खाली बसून पट्टे सोडले. इतकी वर्षं लोकांच्या लाद्यांवर गुडघे टेकून गेली, पण त्या दिवशी त्याला पहिल्यांदा आपण बरोबर जागी बसलोय असं वाटलं.

"उद्या शुक्रवार," ती वरूनच बोलली. "शनिवार. सोमवार. मंगळवारी एकतीस."

"मंगळवारी महावीर जयंती," प्रांजल म्हणाली. "शेठ गाळा उघडत नाहीत. आणि ही बिनपगारी सुट्टी, हजेरीत धरत नाहीत."

"म्हणजे तीन."

"तीन."

"एकोणसत्तर," श्रुतिका म्हणाली.

घरी हे सांगितल्यावर दशरथ उठून पत्र्यापाशी गेले. मग त्यांनी ओला फडका घेतला आणि चार रेघा पुसल्या. नीट, एकेक करून.

"माझा चुकला," ते म्हणाले.

प्रेमाने त्यांच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. "जेवा. मग चुकला म्हणा."

*

शुक्रवारी सकाळी दशरथ इस्त्रीचा सदरा घालून गाळ्यावर गेले. सिद्धेश कामाला जायचं सोडून त्यांच्या मागे गेला, कारण बाप पायऱ्या उतरताना नेहमीपेक्षा ताठ चालत होता आणि ते लक्षण बरं नव्हतं. शेठ फोनवर होता. दशरथ वीस मिनिटं काड्यांच्या गठ्ठ्याशेजारी उभे राहिले. कुणी बसा म्हटलं नाही. एक बाई वाट काढत म्हणाली, "काका, जरा सरका, कापड जायचंय." ते सरकले. मग दुसऱ्या बाजूने कापड आलं. ते परत सरकले.

"बोला काका," शेठ शेवटी म्हणाला.

"आयतवारी गाळो उघडूक व्हयो."

शेठने सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेशने सगळं सांगितलं.

"अरे यार," शेठ म्हणाला, "सून तुमची हुशार आहे, मला मान्य आहे. पण एका बाईसाठी गाळा कसा उघडू? लाईट, पंखे, वॉचमन. दहा-बारा जणी आल्या तर परवडेल. रविवारी कोण येणार? समजा ना काका."

दशरथांनी मान हलवली. "गिरणीत आयतवारी काम बंद करूक मी मोर्चात गेल्लंय," ते म्हणाले. "आज चालू करूक इलंय." ते शेठला म्हणाले की स्वतःला, हे सिद्धेशला कळलं नाही.

तेवढ्यात मशीनवरून माणिकताई बोलली. ती गाळ्यातली सगळ्यात जुनी बाई. पायाने मशीन चालूच होती.

"शेठ, दहा जणी म्हणालात ना? लिहून घ्या. मी एक."

"तुझ्या भाचीचा साखरपुडा आहे म्हणालीस रविवारी."

"आहे की. तिचा आहे, माझा नाही."

एक एक करत अकरा जणी झाल्या. एकीने नवऱ्याच्या पायाचं प्लास्टर काढायला सोमवारी जायचं ठरवलं. एकीने मुलाची क्लासची परीक्षा नवऱ्यावर सोपवली आणि म्हणाली, "त्याला कळू दे पोरगा कितवीत आहे." बारावी प्रेमा. शेठने वॉचमनला रविवारचं सांगून टाकलं.

*

रविवारी सकाळी नऊला गाळा उघडला. सिद्धेश गठ्ठे उचलायला म्हणून आला होता, कारण रविवारी हेल्पर नसतो. आत पत्रा तापायला लागलेला. पंखे नुसते गरम हवा ढकलत होते. श्रुतिकाने यंत्रावर अंगठा लावला: एकोणसत्तरावा, शुक्रवार-शनिवार धरून. बारा जणी तिच्या शेजारी ओळीने बसल्या आणि जे काम सुरू झालं, तसं सिद्धेशने कुठल्या साईटवर बघितलं नव्हतं. बोलणं चालू होतं, हात चालू होते, आणि दोन्हीचा एकमेकांशी संबंध नव्हता. माणिकताई श्रुतिकाच्या वाट्याचं कापड आपल्या हाताने ताणून द्यायची, म्हणजे तिला उठावं लागू नये. कुणी पाणी आणलं, कुणी कैरी. श्रुतिकाच्या पाठीमागे कुणीतरी कापडाचा गुंडा ठेवला. ती मान वर न करता गाठी मारत होती. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला की खांद्याने पुसायची, हात सुटू द्यायची नाही. सिद्धेशला वाटलं, आपण लादीची रेघ इतकी सरळ कधी आणली नाही.

दुपारी चारला प्रेमाने हात वर केला. "काड्यो खंय?"

सिद्धेशने मागे बघितलं. गठ्ठा नव्हता. कोपऱ्यात बघितलं. तिथेही नव्हता. सगळ्या काड्या संपल्या होत्या. हजाराच्या आसपास छत्र्या बांधून, मिटून, भिंतीपर्यंत रचल्या होत्या.

शेठ खूश झाला. "वा! उद्याचं सगळं काम आजच! नवीन माल बुधवारी येतोय. म्हणजे उद्या पण सुट्टी, परवा पण सुट्टी. एन्जॉय करा."

मग माणिकताई म्हणाली, "उद्या?"

"उद्या काय काम? काड्या नाहीत, कापड नाही. गाळा उघडून काय करू, नुसता अंगठा लावायला? तसं मला करता येत नाही, बेन. इन्स्पेक्टर आला तर?"

श्रुतिकाने सुई पिनकुशनमध्ये टोचली. बारा जणींनी तिच्यासाठी रविवार दिला होता आणि त्या रविवाराने तिचा सोमवार खाल्ला होता. माणिकताई तिच्याकडे बघेना. मदत इतकी झाली होती की कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

प्रेमा उठली. कंबरेवर हात ठेवून ढिगापाशी गेली, वरची एक छत्री उचलली आणि खटका दाबला. छत्री उघडली आणि एका काडीवरचं कापड फडफडत सुटलं.

"हे काय?" शेठ पुढे आला.

प्रेमाने दुसरी उघडली. ती ठीक होती. तिसरी ठीक. चौथीचं कापड सुटून तिच्या नाकावर आलं.

"ही सुरगाठ आहे!" शेठ ओरडला. "कोणी बांधली? ओढली की सुटते! कोणी बांधली ही?"

"मीच," प्रेमा म्हणाली. "हात भरान इलो. चुकला असात."

"किती? किती चुकल्या?"

"माका काय म्हायत? सगळ्यो मिसळल्यो हत."

शेठने हजार छत्र्यांच्या ढिगाकडे बघितलं. बुधवारी सकाळी टेम्पो यायचा होता. त्याने डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे एकेक उघडून बघायला पाहिजे. सगळ्या! उद्याच!" मग तो थांबला. त्याने प्रेमाकडे पाहिलं, मग श्रुतिकाकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. शेठ मूर्ख नव्हता. पण टेम्पो खरा होता आणि सुटलेलं कापडही खरं होतं.

"उद्या एकीने बसा," तो म्हणाला. "सगळ्या तपासायच्या. कोण येणार?"

"बघते, जमलं तर," श्रुतिका म्हणाली.

परतताना पायऱ्यांवर सिद्धेशने आईला गाठलं. ती तिसऱ्या वळणावर दम खात बसली होती.

"आई, खरं सांग. तू चुकलीस?"

"बापाशीची जाळी समुद्रात जायची," प्रेमा म्हणाली. "माझी गाठ सुटली असती तर बापूस उपाशी मेलो असतो. सकाळीच काड्यांचे गठ्ठे बघलंय. चार वाजता संपतले ता तेव्हाच कळला. मगे काय करूचा होता?"

"आणि शेठचं नुकसान?"

"खयचा नुकसान? आज मी अंगठो लावकच नाय. फुकट बांधलंय. माझ्या कामात माका होयी ती गाठ मारीन." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. भात लावचो हा."

*

सोमवारी गाळ्यात श्रुतिका एकटी बसली. प्रांजल ऑफिसात होती. संध्याकाळी सिद्धेश साईटवरून आला तेव्हा दशरथ आधीच दाराशी येऊन उभे होते. आत जाऊ का, असं त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं.

आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. तपासलेल्या छत्र्या वाळायला टाकल्यासारख्या उघड्याच पसरल्या होत्या, जमिनीवर, टेबलांवर, मशिनींवर. काळ्या छत्र्यांच्या मधोमध श्रुतिका शेवटची छत्री मांडीवर घेऊन सुरगाठीची निरगाठ करत होती.

"अडतीस निघाल्या," ती म्हणाली. "बघ ना. आईंनी प्रत्येकीत एकच गाठ सोडलीय. आणि ती पण नेहमी छत्री मिटून बांधायच्या पट्ट्याशेजारच्या काडीला. मला शोधत बसायला नको म्हणून."

सिद्धेश छत्र्या मिटायला लागला.

सहाला तिने अंगठा लावला. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा लावला. लाल. तीन महिन्यांच्या दोऱ्याने आणि आजच्या हजार खटक्यांनी अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. प्रांजलने यंत्राची काच पुसली. लाल. सकाळी अंगठा लागला होता, पण संध्याकाळचा लागल्याशिवाय दिवस पुरा धरत नव्हते.

"दुसरं बोट?" दशरथ दारातून म्हणाले.

"नोंद अंगठ्याचीच आहे, काका."

"सरक," सिद्धेश म्हणाला. सिमेंटने त्याचे अंगठे केव्हाच पुसून टाकले होते; रेशनच्या दुकानात दर महिन्याला तो या यंत्रांशी भांडायचा. त्याने तिचा अंगठा धरला, तिच्याच कपाळावर आणि केसांच्या मुळाशी दोनदा घासला, घामाचा आणि तेलाचा हात लागला तसा हलकेच काचेवर ठेवला. "दाबू नको. नुसता ठेव."

तिने ठेवला. हिरवा दिवा लागला आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "थँक यू."

प्रांजल कागद छापायला ऑफिसात पळाली.

"गिरणीत अठरा वर्षां काढलंय," दशरथ म्हणाले. "कोणी थँक यू म्हणूक नाय."

प्रांजलने छापलेला कागद आणून दिला. श्रुतिकाने तो वाचला. आकड्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, "सव्वीस आठवडे म्हणजे कधीपर्यंत गं?"

"जुलैपासून धरलं तर जानेवारी."

"जानेवारी." ती मनात काहीतरी मोजत होती, ओठ हलत होते. "म्हणजे तोवर ते बसायला लागलेलं असेल."

"बसतात सहाव्या महिन्यात," प्रांजल म्हणाली. "माझी पुतणी तर पाचव्यातच बसायला लागली."

"बसेल मग," श्रुतिका म्हणाली आणि कागदाची घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. "चल रे सिद्धेश. त्या पलीकडच्या छत्र्या राहिल्यात मिटायच्या."